'क्रिएटिनिन नॉर्मल' एवढ्यावर का भागत नाही

घरात कोणाला किडनी बसवायची ठरली की आपल्याकडे बहुतेक वेळा आई किंवा बायको पुढे होते. तिच्या रक्ताचा पहिला रिपोर्ट येतो, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.९, म्हणजे नॉर्मल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग डॉक्टर चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला सांगतात, किडनीचे काम मोजणारा डीटीपीए स्कॅन लिहून देतात, आणि नातेवाईक विचारतात, नॉर्मल आलंय तर आता हे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायला जरा मागे जावे लागते.

पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळले की नारिंगी-लाल रंग येतो, हे माक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवले. किडनी एका मिनिटाला किती रक्तद्रव गाळते हे क्रिएटिनिनवरून मोजता येईल, ही कल्पना डेन्मार्कच्या पॉल ब्रांट रेबर्ग यांनी १९२६ मध्ये मांडली. या गाळण्याच्या वेगालाच आज जीएफआर म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत होमर स्मिथ आणि इतरांनी इन्युलिन वापरले. डेलियाच्या कंदात सापडणारा हा पदार्थ किडनीतून निव्वळ गाळला जातो. नळ्यांमध्ये तो परत शोषला जात नाही, की त्यात नव्याने भर पडत नाही. मोजमाप अचूक, पण तासन्‌तास सलाइन आणि पुन्हा पुन्हा लघवी गोळा करणे वॉर्डात कोणाला जमणार? म्हणून रोजच्या कामात क्रिएटिनिनच टिकले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरी यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्डला बसवली. त्या काळी सगळी काळजी शरीर किडनी नाकारेल की स्वीकारेल याची होती. दोघे खरोखर एकसारखे जुळे आहेत ना, हे पाहायला एकाची त्वचा दुसऱ्याला लावून पाहिली, बोटांचे ठसेही घेतले. रिचर्ड आठ वर्षे जगला. दाता रोनाल्ड २०१० मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी गेला. निरोगी माणसाच्या शरीरावर त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्याची नसलेली शस्त्रक्रिया करायची, हा पेच मात्र त्या दिवसापासून डॉक्टरांच्या मागे लागला. भारतात जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली ती १९७१ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात.

१९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून गाळण्याचा हा वेग काढायचे सोपे सूत्र दिले. ते २४९ रुग्णांवरून बांधले होते आणि त्यात जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठी उत्तरातून १५ टक्के वजा करा, हे अंदाजाने ठरवलेले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

आता तेच सूत्र लावून पाहा. २८ वर्षांचा, ७५ किलोचा मुलगा, क्रिएटिनिन ०.९, उत्तर येते मिनिटाला सुमारे १३० मिलिलिटर. त्याची ५५ वर्षांची, ४५ किलोची आई, क्रिएटिनिन तेच ०.९, उत्तर येते ५०. तिच्या लहान अंगकाठीचा हिशेब धरला तरी आकडा साठीच्या घरातच राहतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू कमी, आहारात मांस नाही, तर रक्तात ते कमीच दिसणार आणि किडनीचे खरे काम झाकले जाणार.

पुढची सूत्रे जास्त काळजीपूर्वक बनली, तरी अडचण राहिलीच. १९९९ चे एमडीआरडी सूत्र किडनीच्या १,६२८ रुग्णांवर बेतलेले, म्हणून निरोगी माणसाचा जीएफआर ते खऱ्यापेक्षा कमी सांगे. २००९ चे सीकेडी-ईपीआय सूत्र त्याहून बरे, पण बारीक अंगाच्या, शाकाहारी भारतीय माणसाला तेही कधी कधी गरजेपेक्षा चांगले गुण देते. त्यामुळे दात्याच्या बाबतीत अंदाजावर न थांबता प्रत्यक्ष मोजणी करायची, ही पद्धत रुळली. डीटीपीए हे किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन रक्ताचे नमुने घेतात, किंवा १९८२ मध्ये गेट्स यांनी सुचवल्याप्रमाणे गॅमा कॅमेऱ्याखाली किडनीतला त्याचा प्रवास पाहतात. कॅमेऱ्याची पद्धत सोपी, पण अचूकपणात रक्ताच्या नमुन्यांची बरोबरी ती करत नाही.

दात्याचा जीएफआर किती असला म्हणजे पुरे? जिवंत दात्यांविषयीच्या २००४ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेने मिनिटाला साधारण ८० मिलिलिटर ही खालची सीमा मानली. केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ९० किंवा जास्त असेल तर चालेल, ६० च्या खाली नको, आणि मधल्या दात्यांचा वय, रक्तदाब, साखर पाहून एकेकट्याने विचार करा, असे सांगितले. एक किडनी काढल्यावर काम निम्म्यावर येत नाही. उरलेली भार उचलते आणि आधीच्या एकूण कामाच्या ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत पोचते. पण मुळात ७० असलेल्या बाईचे ७० टक्के म्हणजे पन्नासच्याही खाली.

दात्यांना काहीच धोका नाही, असे बराच काळ मानले गेले, कारण त्यांची तुलना सर्वसाधारण लोकांशी होई आणि त्या लोकांत आजारीही असत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दात्यांची तुलना त्यांच्याइतक्याच निरोगी माणसांशी केली गेली. १५ वर्षांत किडनी पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दात्यांमध्ये दहा हजारांत सुमारे ३१ आणि किडनी न दिलेल्यांत सुमारे ४ आले. धोका लहान आहे, पण आहे.

डीटीपीए स्कॅनचा आणखी एक उपयोग रिपोर्ट हातात आल्यावर कळतो. उजवी किती काम करते आणि डावी किती, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असते. दोघींत लक्षणीय फरक असेल तर कमी काम करणारी किडनी काढतात आणि चांगली दात्याकडेच ठेवतात.