इन्सुलेशनमुळे घर तापतं, हा गैरसमज

बेळगाव-निपाणीकडे घर बांधायला काढलं की सल्ला ठरलेला: "स्लॅबवर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नको, उन्हाळ्यात आत उकडून मराल." हे खरं नाही, पण हवेतूनही आलेलं नाही. अशी तापलेली घरं लोकांनी पाहिलीत. दोष मात्र भलत्यालाच चिकटला.

इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, तिची ये-जा मंद करतं. दुपारी स्लॅबमधून उतरणारी धग ते रोखतं. पण काचेतून सरळ आत आलेलं ऊनही मग आतच अडकतं. थर्मासमध्ये गरम चहा ओतला तर तो गरमच राहणार की!

बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे सगळा मार छतावर. दक्षिणेच्या भिंतीवर फारसं ऊन नसतं. खरी उपद्रवी ती पश्चिमेची मोठी काच, जी हल्ली 'एलिव्हेशन'साठी, म्हणजे घराच्या दर्शनी रूपासाठी, हौसेनं लावतात. संध्याकाळचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून आत येतं. आतला पडदाही तोकडा पडतो, कारण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं. बाहेरून बांबूची चिक किंवा झाड हवं.

शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यानं रात्री बऱ्यापैकी गार होतात. समोरासमोरच्या खिडक्या रात्रभर उघड्या, ऊन चढलं की बंद. डासांसाठी जाळी आधीच बसवा, नाहीतर खिडक्या कोणी उघडत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणीकडे रात्रीही उकाडा असतो, तिथे सावलीवरच जास्त भर द्या.