बुलेटचं टायमिंग आणि पिकअपची भानगड

सध्या रील्सवर एक नुस्खा जोरात चाललाय: जुन्या पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) बुलेटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं ॲडव्हान्स करा, म्हणजे अलीकडे आणा, पिकअप डबल आणि वर पाच हॉर्सपॉवर फुकट. अहो, जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या 350 बुलेटची ताकदच मुळात 18 हॉर्सपॉवर, पॉइंट बसवलेली प्लेट नुसती फिरवून पाच वाढत असते तर कंपनीनेच नसते का वाढवले? पण यातली पिकअपची गोष्ट अगदीच थाप नाहीये, आणि ती का नाहीये ते फार भारी आहे.

आधी एक गैरसमज काढू. सिलिंडरमध्ये स्फोट वगैरे होत नाही, आग लागते आणि पसरते. प्लगपाशी छोटी ज्योत पेटते, ती सरकत सरकत पार कोपऱ्यापर्यंत जाते, याला दोनेक मिलिसेकंद लागतात असं धरून चाला. दाब सगळ्यात जास्त कधी हवा, तर पिस्टन टॉपला जाऊन क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) अजून 12-15 अंश पुढे सरकल्यावर. म्हणजे पिस्टन वर येत असतानाच ठिणगी पाडायला लागते, हाच ॲडव्हान्स.

आता गंमत बघा. 1000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 6 अंश फिरतो, म्हणजे दोन मिलिसेकंदांत 12. 3000 ला तेच 36 होतात. 6000 ला 72! पण 72 अंश आधी ठिणगी टाकणारी बाइक तुम्ही बघितलीये का? बहुतेक इंजिनांचं 30-40 मध्ये भागतं. कारण आरपीएम वाढला की ज्योतही जोरात पळते. व्हॉल्व्हमधून हवा जितक्या वेगाने आत घुसते तितके आत भोवरे जास्त, भोवऱ्यांमुळे ज्योतीचा पडदा चुरगळतो, त्याला सुरकुत्या पडतात, जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण लवकर संपतं, चुलीत फुंकणीने फुंकर मारल्यासारखं. फॉर्म्युला वनची इंजिनं एकेकाळी 19-20 हजारांवर फिरायची ती याच भोवऱ्यांच्या जिवावर, शांत हवेत ज्योत तेवढी धावूच शकली नसती. बजाजने 2003 मध्ये पल्सरला दोन प्लग दिले तेही याच हिशोबाने, दोन्हीकडून आग लावली की अंतर कमी, जळायला वेळ कमी आणि ॲडव्हान्सही कमी लागतो.

आता पिकअप. रेस थोडीच दिलेली असते तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरलेलं, विरळ असतं, त्यात मागच्या वेळचा धूर उरलेला असतो, त्यामुळे आग रेंगाळते, म्हणून तिथे ॲडव्हान्स जास्त हवा. पण बुलेटच्या ॲडव्हान्स युनिटमध्ये, म्हणजे आरपीएमप्रमाणे ठिणगी अलीकडे आणणाऱ्या भागात, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा, त्यांना फक्त आरपीएम कळतो, तुम्ही रेस किती पिळलीये हे त्यांना कळायचा मार्गच नाही. जुन्या ॲम्बेसेडरला त्यासाठी व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या हवा ओढण्यावरून रेस ओळखणारी सोय) होता, आताच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोन्ही बघून ठरवतो. बुलेटचं सेटिंग फुल रेसला इंजिन सांभाळायचं म्हणून केलेलं, त्यामुळे हलक्या रेसला ठिणगी जरा उशिराच पडते. प्लेट थोडी फिरवली की नेमका तिथेच फरक जाणवतो, गाडी मोकळी वाटते. पाच हॉर्सपॉवर मात्र विसरा.

आणि त्याची किंमत मोजावी लागते. डबल सीट, दोन्ही बाजूला बॅगा, खंबाटकीचा चढ, चौथ्या गिअरला फुल रेस, की शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच तापून, दाबून आपोआप पेटतं आणि टिणटिण आवाज सुरू. ते चालू ठेवलं तर पिस्टनची वाट. शिवाय किक उलटी फिरून पाय फोडते ती वेगळीच. यावर लोक महागडं पेट्रोल टाकून बघतात, पण ऑक्टेन जास्त म्हणजे आपोआप पेटायला विरोध जास्त, बास. टिणटिण नसेल तर त्याने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधणं म्हणजे तर हँडलला लिंबू-मिरची बांधण्याचाच प्रकार.

लेहला गेलेल्यांनी हे खास लक्षात ठेवा. खारदुंग ला वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, मिश्रण विरळ, आग मंद, त्यामुळे तिथे ॲडव्हान्स वाढवला तर गाडी खूशच होते. तेच सेटिंग घेऊन खाली मैदानात, उन्हात, लोड घेऊन आलात की टिणटिण.

करायचंच असेल तर आधी पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर, कारण गॅप बदलली की टायमिंग आपोआप हलतं. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपच्या 0.8 मिलिमीटर आधी ठेवायचा, म्हणजे साधारण 9-10 अंश, आणि तिथे पॉइंट नुकता उघडायला हवा. फिटर लोक पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरतात, तो सुटला की उघडला. किंवा इग्निशन ऑन ठेवून अँपिअर मीटरकडे बघा, पॉइंट उघडला की काटा मायनसवरून मध्यावर येतो. आणि पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा प्लेट एक अंश हलवली की टायमिंग दोन अंश सरकतं, इथेच बरेच जण जास्त पिळून बसतात.

पण त्याआधी कव्हर काढून कॅम बोटांनी थोडा फिरवून सोडा, टपकन मागे यायला पाहिजे. नाही आला तर वजनं गंजून अडकलीयेत, म्हणजे ॲडव्हान्स कुठेतरी एकाच जागी रुतून बसलाय. अशी गाडी टायमिंग बदलून सुधारत नाही, ते युनिट खोलून साफ करून दोन थेंब ऑइल दिलं की गेलेला पिकअप बऱ्याचदा परत येतो.