माळावरचा लांडगा आणि सरोवरातलं बेट

सासवडजवळ एका शेतकऱ्यानं मला आडवा पडलेला मका दाखवला. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेला. "ह्यांना खाणारं काहीतरी आणून सोडा की माळावर," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. शिकारी प्राणी परत आणून सोडण्याचे प्रयोग जगात झाले आहेत, आणि त्यातल्या एका बेटाची गोष्ट पुणेकरांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मूस ही थोराड हरणं पोचली. 1940 च्या दशकाच्या शेवटी हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगे आले. 1958 पासून शास्त्रज्ञ या दोघांची गणती ठेवत आहेत. पुढे हिवाळे सौम्य झाले, सरोवर पूर्वीइतक्या वेळा गोठेना आणि नवे लांडगे येईनात. आहेत त्यांची पिल्लं नात्यातच होऊ लागली, मणक्यात व्यंगं दिसू लागली. 1997 मध्ये बर्फावरून एक नर आला, त्यानं काही वर्षं कळपांना उभारी दिली. मग त्याचीच पिलावळ आपसात जुळू लागली. 2018 मध्ये बेटावर दोनच लांडगे उरले होते, बाप आणि लेक. मूस दोन हजारांपर्यंत गेले आणि झाडांची रोपं वाढायच्या आत खुडली जाऊ लागली. अखेर 2018 आणि 2019 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडले. 2023 पर्यंत मूस हजाराच्या खाली आले. त्यात उपासमारीचाही वाटा होता, हे सांगायलाच हवं.

शिकारी नुसता मारत नाही, तो भीतीही पेरतो. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर संशोधकांनी रॅकून या खेकडे खाणाऱ्या लहान प्राण्यांना कुत्र्यांचं भुंकणं ऐकवलं. एकही रॅकून मेला नाही, पण ते किनाऱ्यावर चरायला कमी येऊ लागले आणि तिथले खेकडे वाढले.

मग जिथे तिथे शिकारी सोडावा का? अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव थोडं थांबायला सांगतो. तिथले शेवटचे लांडगे 1926 च्या सुमारास मारले गेले. 1995 आणि 1996 मध्ये 31 लांडगे आणले, एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी झाडोराही सावरला. मधल्या सत्तर वर्षांत मात्र ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर गेले होते, ओढे खोल कापले गेले होते, भूजल खाली उतरलं होतं. अशा जागी लांडगे येऊनही विलोची झुडपं पूर्वीसारखी वाढली नाहीत. उशिरा परत आणलेल्या शिकाऱ्याला सगळं भरून काढता येत नाही.

आपल्याकडे ही वेळ अजून आलेली नाही, म्हणून मला घाई वाटते. सासवड, दौंड, बारामती, इंदापूरच्या माळांवर लांडगा आजही आहे. देशभरात तो जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलाय. तो पूर्ण वाढलेल्या रानडुकराच्या वाटेला सहसा जाणार नाही, हे मी त्या शेतकऱ्याला सांगितलं. पण ससे, चिंकारा, उंदीर-घुशी, सापडलं तर डुकराचं पिल्लू, असा त्याचा आहार आहे. आणि मेंढरं, अर्थातच.

त्याचं माळरान मात्र बेट होत चाललंय. मधे रस्ते, प्लॉटिंग, पाणी आलं की ऊस. पाण्यानं वेढलेलं नसलं तरी दुसऱ्या कळपापर्यंत पोचणं अवघड. जोडीदार मिळेना की तो भटक्या कुत्र्यांत मिसळतो. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकांच्या तपासणीतून 2023 मध्ये सिद्ध झालं. कुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपर हा रोग आणखी वेगळा.

म्हणून आधी गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी, दोन माळांमधल्या वाटा मोकळ्या ठेवणं, आणि गायरानं पडीक समजून वाटून न टाकणं. मेंढपाळाची भरपाई तर सगळ्यांत आधी. वाघरीतून, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणातून, कोकरू गेलं की धनगराला पंचनामा त्याच दिवशी हवा असतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांसह सगळा तळ, पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो.