नाकाची अ‍ॅलर्जी आणि जिवाणूंची विषे : पार्श्वभूमी
सोलापुरात शिंका आणि वाहत्या नाकाने बेजार झालेला माणूस दोष देतो तो उन्हाळ्यातल्या धुळीला, गाजर गवताला किंवा यंत्रमागावरच्या कापसाच्या धुळीला. परागकणांचा दोष जुनाच आहे : मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून तो १८७३ साली मांडला, आणि १९६६-६७ मध्ये डेन्व्हर व स्वीडनमधील उप्साला येथे अशा अ‍ॅलर्जीमागचे आयजीई प्रतिपिंड सापडले. या हकिकतीत जिवाणूंना मात्र फारसे स्थान नव्हते.

त्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकात, कसलाही त्रास न देता, कायम मुक्काम करतो. अन्नातून होणाऱ्या विषबाधेमागे त्याचे विष असते, हे १९३० साली शिकागोत दिसून आले. १९७८ मध्ये याच जिवाणूच्या विषाने लहान मुलांना होणाऱ्या ‘टॉक्सिक शॉक’चे, म्हणजे रक्तदाब कोसळवणाऱ्या जीवघेण्या विकाराचे, वर्णन झाले, तेही डेन्व्हरमध्येच. या विषांना पुढे ‘सुपरअँटिजेन’ म्हणू लागले. एरवी एखाद्या अँटिजेनला, म्हणजे शरीराला परक्या वाटणाऱ्या पदार्थाला, दहा हजारांतली जेमतेम एखादी टी-पेशी (रोगप्रतिकार करणारी पांढरी पेशी) ओळखते. ही विषे मात्र नेहमीची ओळखपाळख टाळून टी-पेशी आणि अँटिजेन सादर करणारी पेशी यांना बाहेरूनच जोडतात आणि पाचातल्या एका टी-पेशीपर्यंत मजल मारून त्यांना एकदम चेतवतात.

दोन्ही वाटा नाकात एकत्र आल्या त्या २००१ च्या सुमारास, बेल्जियममधील गेंट येथील क्लॉस बाखर्ट यांच्या गटाला नाकातील कोंबांच्या (पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या मऊ वाढींच्या) ऊतींमध्ये याच विषांविरुद्धचे आयजीई आढळले तेव्हा. म्हणजे विष पेशींना चेतवतेच, शिवाय स्वतः अ‍ॅलर्जीकारकही ठरते. मात्र हा पुरावा कोंबांबाबत भक्कम आहे, साध्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीबाबत तितका नाही. शिवाय सुजलेल्या अस्तरावर जिवाणू सहज रुजतो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सांगणे कठीण असते. एवढ्यावरून कुणी अँटिबायोटिक सुचवत असेल, तर ती घाई म्हणावी लागेल.

सोलापूरला अधिक लागू पडणारे विष दुसरेच आहे. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये नाव दिलेले एंडोटॉक्सिन हे काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातच असते आणि कच्च्या कापसाच्या धुळीत भरपूर सापडते. १८७७ च्या जुन्या मिलपासून कापसावर वाढलेल्या या शहरात ते अनेकांच्या श्वासात गेले असणार. सुट्टीनंतर सोमवारी कामावर येताच छाती आवळणारा बिसिनोसिस या गिरणी कामगारांच्या विकाराशी त्याचा संबंध जोडला जातो. उलट, २००२ साली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील ग्रामीण मुलांच्या अभ्यासात गादीच्या धुळीत एंडोटॉक्सिन जास्त असलेल्या मुलांना परागज्वर कमी दिसला. हा दिलासा यंत्रमागाच्या शेडला लागू करता येत नाही, कारण गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलाला मिळणारी मात्रा आणि वय वेगळे, तर कापसाच्या धुळीत रोज काम करणाऱ्या प्रौढाचे वेगळे, आणि मोठ्या मात्रेत हेच विष श्वासमार्गाला सूज आणते.