उन्हाळी लागणे (पुरुषांमधील)

उन्हाळी लागणे : लघवी करताना आग होणे, थेंब थेंब होणे, जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे, या त्रासाचे मराठीतील रोजच्या बोलण्यातले नाव. ‘उन्हाळे लागणे’ असेही म्हणतात. आयुर्वेदात यालाच मूत्रकृच्छ्र म्हटले असून त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही घरोघरी बोलली जाते, त्यामुळे दवाखान्यात ‘उरि’ आणि ‘मंट’ हे शब्दही कानावर पडतात. या दोन्हींचा अर्थ नुसती आग. मराठी शब्द मात्र आग कशाने झाली तेही सांगून मोकळा होतो : ऊन बाधले! सोलापुरात हे अर्धे खरे असते, म्हणूनच पुरुषांची फसगत होते.

एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४० अंशांच्या वर ठाण मांडतो, काही दिवस ४३-४४ पर्यंतही जातो. चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांत पत्र्याखाली माग चालतात. मजुरी नगावर असली की माग सोडून पाणी प्यायला किंवा लघवीला जाणे कामगाराला परवडत नाही. घाम भरपूर, पाणी कमी, म्हणून लघवी पिवळीधमक आणि घट्ट होते व मूत्रमार्गाच्या नाजूक अस्तराला झोंबते. मुतखड्याचीही सुरुवात अशीच होते. निव्वळ उन्हाची उन्हाळी असेल तर तांब्या-दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर लघवीचा रंग फिका होतो आणि एखाद्या दिवसात आग थांबते. दोन दिवसांनंतरही ती टिकली तर कारण दुसरे आहे, असे धरून चालावे.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे १८ ते २० सें.मी. लांब असतो, स्त्रीचा जेमतेम ४. एवढी वाट चढून जंतू मूत्राशयापर्यंत सहसा पोचत नाहीत. त्यामुळे तरुण पुरुषांत मूत्रसंसर्ग कमी आढळतो, आणि झालाच तर त्यामागे खडा, मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी प्रोस्टेट ग्रंथी वाढणे, मधुमेह किंवा मार्गातला अडथळा आहे का, हे पाहावे लागते.

बाहेरचा दाह : पुष्कळदा आग आत नसतेच. शिश्नाचे टोक आणि त्यावरची कातडी लाल होते, खाजते, बारीक चिरा पडतात आणि त्यावरून लघवी गेली की चरचरते. याचे नेहमीचे कारण कॅन्डिडा ही बुरशी, आणि तिला पोसणारी साखर. चाळिशीतल्या माणसाला हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर मलमाआधी रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाचा पत्ता असा लागलेले लोक कमी नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही बुरशी वाढते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरे कारण अतिस्वच्छता. पाण्याची ओढ असलेल्या गावात हे विचित्र वाटेल. पण जंतुनाशक द्रव, सुवासिक साबण, पावडर यांनी ही कातडी सोलवटते. कातडी हलकेच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावे, टिपून कोरडे करावे आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. हे शेवटचे विसरले तर मागे अडकलेली कातडी टोकाला आवळते, सूज चढते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. लहान मुलांची कातडी जोर लावून मागे ओढू नये. जांघेतल्या नायट्यावर लोक दुकानातून तीन औषधांची मिळून एक असलेली ट्यूब आणतात. तिच्यातील स्टिरॉइडमुळे चार दिवस बरे वाटते, मग नायटा दुप्पट पसरतो.

आतला दाह : मूत्रमार्गातून पू किंवा चिकट स्राव येत असेल तर परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांचा विचार आधी करावा लागतो. परमा संबंधानंतर बहुधा आठवड्याच्या आत दिसतो, क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागतात. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यावर मोफत उपचार होतात. जोडीदारालाही औषध द्यावे लागते, नाहीतर संसर्ग घरातच फिरत राहतो. ही गोष्ट सांगताना पुरुषांची जीभ सर्वांत जास्त अडखळते.

अक्रोडाएवढ्या प्रोस्टेटला जंतुसंसर्गाने एकाएकी सूज आली तर थंडी वाजून ताप, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात ठणका आणि लघवीला अडथळा होतो. प्रतिजैविके काही आठवडे घ्यावी लागतात. जुनाट दुखण्यात मात्र बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडतच नाहीत. त्यांना प्रतिजैविकांच्या फेऱ्यांपेक्षा कोमट पाण्यात बसणे, सलग बैठक मोडणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अधिक उपयोगी पडतात.

अंडकोषाची सूज वेगळी. मुलाला किंवा तरुणाला एकदम कळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला साधारण सहा तासच हाती असतात. सावकाश वाढणाऱ्या सुजेत सोलापूरकडे हत्तीरोगाचीही आठवण ठेवावी लागते, कारण हा जिल्हा त्या रोगाच्या जुन्या पट्ट्यात मोडतो. त्याचे जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घेतात.

उपचार : धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक, जवाचे पाणी हे घरगुती उपाय वाईट नाहीत, त्यांचा मोठा गुण म्हणजे त्यांच्या निमित्ताने पाणी पोटात जाते. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र किती प्यावे ते विचारून घ्यावे. ‘मालक, लघवीला लई जळतंय, दोन गोळ्या द्या की’ असे म्हणत औषधाच्या दुकानाचा काउंटर गाठणे ही खरी अडचण. तिथे मिळणारे सायट्रेटचे गोड औषध लघवीचा आंबटपणा कमी करते, आग शमवते; जंतू मारत नाही. प्रतिजैविकाच्या दोन गोळ्यांनी जंतू अर्धमेले होतात आणि पुढे कल्चर तपासणीत (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत) नीट उगवत नाहीत. पेशींचा अहवाल पू दाखवतो, कल्चर मात्र वारंवार कोरे येते, असे असेल तर मूत्रमार्गाचा क्षयही पाहावा लागतो.

ताप, लघवीत रक्त, कमरेत कळ किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नये. तपासणीसाठी सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी. डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवून गावभर हिंडवली, तर डबीत जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग कागदावर उमटतो.