'सेलआउट' ही शिवी कुठून आली
आपल्याकडे सोल्ड आउट म्हटलं की हाउसफुल्लचा बोर्ड डोळ्यांसमोर येतो, पण नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रॉकवाल्या पोरांसाठी सेलआउट म्हणजे विकला गेलेला माणूस. तिकिटं खपली की नाही हा मुद्दाच नव्हता, करार कोणाशी केला एवढंच बघायचे. शब्द जुनाच, पण १९९१ मध्ये सिअ‍ॅटलकडच्या एका बँडचा अल्बम तुफान चालला, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं छोट्या क्लबांमध्ये करार घेऊन फिरायला लागली आणि तेव्हा शब्दाला धार चढली.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कॅलिफोर्नियात बर्कलीतल्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबच्या नियमावरून. १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेली ही जागा पोरंच चालवायची, फुकट राबून. दारू नाही, कुठल्याही वयाला प्रवेश, आत रंगवून लिहिलेलं की वर्णद्वेष नाही, मारामारी नाही, ड्रग्ज नाहीत. आणि मेजर लेबलवरच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे स्टेज मिळणार नाही. १९९३ मध्ये तिथेच वाजवून मोठ्या झालेल्या तीन पोरांनी, ग्रीन डे या बँडने, मेजर लेबलशी करार केला आणि त्यांना दार बंद झालं. पुढच्या फेब्रुवारीत आलेला त्यांचा अल्बम एकट्या अमेरिकेत १ कोटीच्या वर गेला.

लोक म्हणतात, हा निव्वळ हेवा. मला नाही पटत. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हतं हो, उचल होती, स्टुडिओचा खर्च त्यातून, व्हिडिओचाही बराचसा खर्च बँडच्याच नावावर, आणि ते सगळं रॉयल्टीतून फिटेपर्यंत हातात काही नाही, वर मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीची. हे गणित तेव्हा फॅन्झिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकांत, उघड छापून येत होतं. शिवाय असा बँड आला की बाहेर हजारांची गर्दी, मग पहिल्यांदा स्टेजवर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरांनी जायचं कुठे? नियम कठोर होता, मित्रांत कायमची तेढ आली हे खरं, तरी ती जागा त्यानेच टिकली असं मला वाटतं.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संगीतकाराच्या अल्बममधलं एकूण एक गाणं जाहिरात, सिनेमा, टीव्हीसाठी दिलं गेलं, त्याच वर्षी गाणी नेटवर फुकट मिळायला लागली, पुढे सीडीचा धंदा बसला आणि जाहिरातीचा पैसा हाच घरभाड्याचा आधार झाला. मग सेलआउट म्हणायचं कुणाला?

ग्रीन डेच्या त्या तिघांनी २०१५ मध्ये गिलमनच्या स्टेजवर परत वाजवलं, बर्कलीशेजारच्या ऑकलंडमधल्या आगीत नुकसान झालेल्या प्रकाशक आणि छापखानेवाल्यांच्या मदतीसाठी.