फादर मार्टिनेझ खलनायक नव्हते

न्यू मेक्सिकोतल्या ताओसचे कॅथलिक धर्मगुरू अंतोनियो होसे मार्टिनेझ म्हणजे जमिनीचे लोभी, 1847च्या अमेरिकाविरोधी उठावाचे सूत्रधार, आणि म्हणूनच बिशप लामींनी त्यांना बहिष्कृत केलं, असं अजूनही सांगितलं जातं. 1927च्या एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीने हे चित्र घरोघर पोचवलं. पण ती कादंबरी आहे, इतिहास नव्हे. त्या उठावात तर मार्टिनेझनी जीव वाचवायला पळालेल्यांना स्वतःच्या घरात आसरा दिला होता.

मार्टिनेझ आणि लामींच्या भांडणाचं खरं मूळ पैशात होतं. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. या मुलखात रोकड कमीच, त्यामुळे तो मक्याच्या, गव्हाच्या, कोकरांच्या रूपात जायचा. दुष्काळाच्या वर्षी दहातलं एक कोकरू देणं गरिबाला किती जड जात असेल! मार्टिनेझ मेक्सिकोच्या राजवटीपासूनच या वसुलीविरुद्ध लिहीत होते. 1851मध्ये फ्रेंच वंशाचे लामी सांता फेला आले. त्यांना नव्या धर्मप्रांतासाठी पैसा हवाच होता, हेही मान्य केलं पाहिजे. पण 1854च्या पत्रकात त्यांनी दशमांश न देणाऱ्या कुटुंबप्रमुखांना संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, नाकारण्याचा हुकूम काढला. मार्टिनेझना हे धर्माची विक्री वाटलं. माझ्या मते त्यांचं चुकलं नाही.

1856मध्ये त्यांनी वय आणि प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. नव्या धर्मगुरूशी पटेना, तेव्हा ते स्वतंत्रपणे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करू लागले. निलंबन आणि बहिष्कार त्यानंतरचा.

ते निष्कलंक नव्हते, ब्रह्मचर्याचं व्रत त्यांनी पाळलं नाही. पण ताओसमध्ये शाळा काढून छापखाना चालवणारेही तेच.